दुरून डोंगर : परिचित शिखराच्या आकलनाचा एक इतिहास

१

पदव्युत्तर वर्गाला सौंदर्यशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक लहानसा स्वाध्याय देत आलो आहे. परिचयाच्या एखाद्या डोंगराविषयी दोन पाने लिहावयाची, एवढेच त्याचे स्वरूप. परभणी हे गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या मातीचे, सपाटीचे ठिकाण. परंतु जिल्ह्याच्या उत्तरेस जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेचे फाटे उतरत येतात आणि दक्षिणेस गंगाखेडपलीकडे बालाघाटाची कड लागते. त्यामुळे वर्गातील निम्म्याहून अधिक मुले डोंगर पाहत वाढलेली असतात. असे असूनही बहुतेक उत्तरांत डोंगर येतो तो हिमालय. बर्फाच्छादित, उत्तुंग, धीरगंभीर, मौन. या विशेषणांचा क्रमही फारसा बदलत नाही. जिंतूरच्या एका विद्यार्थ्याला मी एकदा विचारले, ‘नेमगिरीविषयी का लिहिले नाहीस?’ तो म्हणाला, ‘सर, त्यात लिहिण्यासारखं काय आहे? तो तर आमचा रोजचाच.’

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. न पाहिलेल्या शिखराविषयी लिहिण्याची भाषा या मुलाजवळ तयार आहे आणि रोज पाहिलेल्या डोंगराविषयी ती नाही, तर हा दोष त्याच्या निरीक्षणशक्तीचा नव्हे. ती भाषा त्याला कोठून मिळाली आणि दुसरी का मिळाली नाही, हा वाङ्मयेतिहासाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा एक धागा उलगडून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. मराठीत परिचित डोंगर कोणकोणत्या रीतींनी जाणला गेला, त्या रीतींना ‘निसर्गवर्णन’ या एकाच खान्यात कोंबल्यामुळे काय हरवले, आणि ‘दुरून डोंगर साजरे’ या म्हणीतील ‘दुरून’ या शब्दाचा अर्थ आपण नीट लावला आहे काय, हे येथे विचारावयाचे आहे.

२

आरंभ शब्दापासून करणे सोयीचे होईल. ‘पर्वत’, ‘गिरी’, ‘शैल’, ‘शिखर’ हे शब्द संस्कृतातून आलेले. ‘डोंगर’ हा मात्र देशी शब्द. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या ‘देशीनाममाले’त त्याचे पूर्वरूप नोंदलेले आहे. मराठीच्या व्यवहारात या दोन शब्दकुळांची कामे वेगवेगळी राहिली. पर्वताचे वर्णन होते. डोंगराला माणूस जातो, डोंगरातून येतो, डोंगरावर गुरे सोडतो. पहिल्या कुळाला पाहणारा लागतो, दुसऱ्याला वावरणारा. दंडीने ‘काव्यादर्शा’त महाकाव्याच्या वर्ण्यविषयांत नगर, समुद्र, ऋतू यांच्या जोडीला शैलाचीही गणना केली आहे. संस्कृत काव्यात पर्वतवर्णन हे अशा रीतीने काव्यप्रकाराचे एक देणे होते आणि रसव्यवस्थेत त्याला उद्दीपन विभावाची जागा होती. पंडिती परंपरेने हा संकेत मराठीत आणला. डोंगराचा व्यवहार मात्र या संकेताच्या बाहेर, वेगळ्या प्रकारच्या लेखनात आणि बोलण्यात चालू राहिला.

या दुसऱ्या प्रकारचा एक प्राचीन पुरावा डोंगरावरच कोरलेला आहे. श्रवणबेळगोळ येथील विंध्यगिरीवर, गोमटेश्वराच्या पायाशी जो मराठी लेख आहे, तो दीर्घकाळ मराठीचा आद्य शिलालेख म्हणून शिकविला गेला. अक्षीच्या शके ९३४च्या लेखाने ते स्थान पुढे स्वतःकडे घेतले. आद्यत्वाचा तो वाद येथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे आहे ते त्या लेखाचे क्रियापद. मूर्ती चावुंडराजाने करविली आणि भोवतालचे आवार गंगराजाने करविले, एवढेच तो लेख सांगतो. डोंगरमाथ्यावर उभे राहून लिहिलेल्या या मराठीत दृश्याचा उल्लेख नाही, उंचीचा नाही, विस्मयाचाही नाही. आहे ते एक प्रयोजक क्रियापद. ते ज्यांनी करविले त्यांची नावे राखते आणि ज्यांनी केले त्यांची राखत नाही. डोंगर हा श्रमाचा आणि सत्तेचा विषय आहे, ही जाणीव मराठीच्या लेखनाला आरंभापासून चिकटलेली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. फक्त ती व्याकरणात दडलेली आहे.

महानुभावांच्या गद्यात डोंगर येतो तो स्थान म्हणून. साळबर्डीच्या डोंगरात मुक्ताबाईशी झालेली श्रीचक्रधरांची भेट काय, किंवा ‘स्थानपोथी’तील नोंदी काय, त्यांत देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, पायऱ्या कोठे, सर्वज्ञ कोठे बसले, याची काळजीपूर्वक टिपणी असते. या ग्रंथांना ‘निसर्गाची ओढ’ नाही, असा अभिप्राय कधीकधी ऐकू येतो. तो कालविपर्यासाचा नमुना आहे. येथे स्थळाकडे पाहिले जाते ते पुन्हा तेथे जाता यावे, नेमक्या त्याच जागी नमस्कार करता यावा, यासाठी. ही खुणेची दृष्टी आहे आणि तिला तिची स्वतःची नेमकेपणाची शिस्त आहे.

खुणेची ही दृष्टी आधुनिक कवितेतही पूर्णपणे मावळली नाही. बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेची चर्चा आपण रंग, उदासीनता, प्रतीक या अंगांनी खूप केली. त्या कवितेत एक टेकडीही आहे. पण ती वर्णनासाठी आलेली नाही, चार घरांचे गाव कोणत्या बाजूला आहे हे सांगण्यासाठी आली आहे. एखाद्या खेडुताने वाटसरूला हात करून दाखवावे, तसे ते दाखविणे आहे. मराठीतील सर्वांत गूढ मानल्या गेलेल्या निसर्गकवितेत टेकडीचे काम इतके घरगुती असावे, याकडे समीक्षेने थोडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते.

३

खुणेनंतर दुसरी रीत दर्शनाची. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगताना शिखरांमध्ये मेरू आणि स्थावरांमध्ये हिमालय ही आपली रूपे म्हणून सांगतात. शके १२१२मध्ये, म्हणजे १२९०मध्ये, ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली ती नेवाशाला, प्रवरेच्या काठी; मेरू तेथून दिसण्याचा प्रश्नच नव्हता. कोणीही न पाहिलेला हा पर्वत सपाटीवरच्या श्रोत्याला परिचयाचा कसा झाला, याचे उत्तर त्याच्या गावातल्या देवळात आहे. देवळाच्या सर्वोच्च भागाला आपण शिखरच म्हणतो आणि मंदिरवास्तूच्या प्रकारांना शिल्पग्रंथांत मेरू, कैलास अशी नावे आहेत. चारठाणा, धारासूर, औंढा नागनाथ या परिसरातील जुन्या मंदिरांकडे या दृष्टीने पाहिले, तर सपाटीने आपला पर्वत स्वतः रचून घेतला असे दिसते. (औंढा १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणीतच होते, सांस्कृतिक दृष्ट्या ते वेगळे करता येत नाही.) शिखर हे येथे भूगोलाचे नव्हे, प्रतिकृतीचे नाव आहे.

जिंतूरजवळची नेमगिरी ही याच प्रक्रियेची उलट बाजू दाखविते. शेजारशेजारच्या दोन डोंगरांना नेमगिरी आणि चंद्रगिरी ही नावे आहेत. बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांचे निर्वाणक्षेत्र गिरनार. चंद्रगिरी म्हटल्यावर श्रवणबेळगोळ आठवते. दूरच्या तीर्थांची स्मृती जवळच्या, बेताच्या उंचीच्या डोंगरांना चिकटवून ते डोंगर तीर्थ करण्यात आले. आणि या तीर्थाचे मर्म माथ्यावर नाही, पोटात आहे. गुंफांची दारे ठेंगणी. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत अंधाराला डोळे सरावल्यावर जिनमूर्ती दिसू लागतात. त्यांतील पार्श्वनाथाची मूर्ती लहानशा दगडावर टेकलेली असून अधांतरी असल्याचा भास होतो. येथे डोंगराची थोरवी तो किती वर गेला यावर अवलंबून नाही. तो माणसाला किती वाकवतो आणि जड पाषाणाला किती हलके करतो, यावर ती ठरते. माझ्या विद्यार्थ्याने ‘उत्तुंग’ हे विशेषण वापरावयाचे नाकारले असते, तर त्याला नेमगिरीविषयी पुष्कळ सांगता आले असते.

४

युरोपीय वाङ्मयेतिहासात शिखरदर्शनाची कथा एका तारखेपासून सांगितली जाते. २६ एप्रिल १३३६ रोजी पेत्रार्क हा कवी व्हाँतू पर्वतावर चढला. त्या प्रदेशात राहणाऱ्याला तो पर्वत रोज दिसणारा. आज त्याच्या उतारावर बर्फावरून घसरण्याचे क्रीडाकेंद्र आहे. केवळ उंचीवरून पाहण्याच्या इच्छेने चढलेला पहिला आधुनिक माणूस, असे पेत्रार्कचे वर्णन होत असते. त्याच्या पत्राची रचना बरीच नंतरची असावी, असे अभ्यासक मानतात. पण त्यातील प्रसंग बोलका आहे. माथ्यावर पोहोचल्यावर तो संत ऑगस्टीनचे आत्मनिवेदन उघडतो आणि माणसे पर्वतांची उंची पाहून थक्क होतात पण स्वतःकडे पाहत नाहीत, या अर्थाचा मजकूर त्याच्या दृष्टीस पडतो. तो ओशाळतो आणि मुकाट्याने खाली उतरतो.

परंपरेने मानलेला नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा आहे. म्हणजे पेत्रार्क व्हाँतू चढला तेव्हा नामदेव हयात होते. नामदेवांचे नरसी हे गाव जुन्या परभणी जिल्ह्यातले. या दोघांत देवाणघेवाण नाही, तुलनेला आधार केवळ समकालीनत्वाचा. तरीही ती उद्बोधक आहे. पेत्रार्क शिखरावर जाऊन आत वळला. नामदेवांच्या बाबतीत परंपरेने राखलेली प्रतिमा आहे ती पायरीची. पंढरपूरच्या महाद्वारात संतांचे चरण लागावेत म्हणून ते पायरी झाले. वर चढण्याच्या ठिकाणीच कायमचे खाली राहणे त्यांनी पत्करले, आणि वारकऱ्याच्या मनात उंचीचा एक निराळा हिशेब मांडला गेला. शिखराचा मान पायरीला मिळाला.

परंतु या हिशेबात एक तिसरा माणूस आहे आणि त्याच्यामुळे आपल्याला येथे थांबावे लागते. चोखामेळ्याची समाधी नामदेव पायरीसमोर आहे. मंगळवेढ्याला गावकूस कोसळून त्याचा अंत झाला तो १३३८मध्ये, व्हाँतूच्या चढाईनंतर दोन वर्षांनी. वारकरी परंपरेत कळसाचे दर्शन हेही दर्शनच मानले जाते. गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत जाता आले नाही, तर कळसाकडे पाहून हात जोडावेत आणि परतावे. या श्रद्धेचे सौंदर्य निःसंशय आहे. पण ज्याला महाद्वाराच्या आत पाऊल टाकण्यास मनाई होती, त्याच्यासाठी कळस दुरून पाहणे ही श्रद्धेची सोय नव्हती. ती शिक्षा होती. पहिला दुरून पाहतो तो परतीच्या वाटेवर, दुसरा दुरून पाहतो तो दारातच अडविला गेल्यामुळे. कळस तोच, पाहण्याचा कोन बहुधा तोच. फरक आहे तो अंतर कोणी ठरविले यात. हे अंतर संपविण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७मध्ये पंढरपुरात उपोषण करावे लागले. म्हणजे चोखामेळ्याच्या मृत्यूनंतर सहाशेहून अधिक वर्षे ते टिकून होते.

सौंदर्यानुभवाला ‘अंतर’ आवश्यक असते, हे आपण वर्गात शिकवितो. काय सुंदर दिसते हे ठरण्यापूर्वी कोणाला कोठे उभे राहू दिले हे ठरलेले असते, हे मात्र आपण शिकवीत नाही.

५

तिसरी रीत श्रमाची. तिच्यासाठी गंगाखेडला जावे लागते. जनाबाई मूळच्या गंगाखेडच्या आणि पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी, असे परंपरा सांगते. तिच्या नावावरील अभंगांत दळण, कांडण, झाडलोट, शेण वेचणे ही कामे आहेत आणि त्या कामांत हात घालणारा विठ्ठल आहे. तिच्या जगात डोंगर नाही असे वाटते. पण तो आहे, घरात येऊन बसला आहे. दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हाच पाषाण वडारांच्या हातांतून जाते, पाटा, वरवंटा आणि उखळ होऊन सपाटीवरच्या प्रत्येक घरात गेला. जात्याला टाकी लावणाऱ्याची हाळी गावात ऐकू येई, तेव्हा डोंगराशी असलेला हा संबंध ताजा होत असे. परिचित डोंगराचा सर्वांत निकटचा परिचय दृष्टीला नव्हे, तळहाताला होता. जात्यावरच्या ओवीत सासर-माहेराच्या मधला डोंगर येतो, तेव्हा गाणारीचा हात डोंगराच्याच एका तुकड्याभोवती फिरत असतो.

जनाबाईच्या शेजारी कळसूबाई ठेवून पाहावी. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर. त्याची दंतकथा १८८४च्या अहमदनगर गॅझेटियरमध्ये नोंदली गेली आहे. कळसू नावाची रानात रमणारी एक कोळी मुलगी पायथ्याशी एका घरी कामाला राहिली. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, ही तिची अट होती. एके दिवशी घरातल्या कोणीतरी तिला ती कामे करावयास भाग पाडले. ती उठली, डोंगर चढून गेली आणि मरेपर्यंत माथ्यावरच राहिली. जेथे तिने भांडी घासली ते थाळेमेळ, जेथे केर काढला तो काळदरा.

या कथेकडे स्थलपुराण म्हणून पाहून तिची बोळवण करण्याची आपली सवय आहे. वस्तुतः जनाबाई आणि कळसू या एकाच प्रश्नाला दिलेल्या दोन उत्तरांच्या नायिका आहेत. परक्या घरी राबणाऱ्या बाईला राबण्यापलीकडचे अस्तित्व कसे मिळावे? जनाबाईच्या उत्तरात काम तसेच राहते आणि देव कामात उतरतो. कळसूच्या उत्तरात काम नाकारले जाते आणि नाकारणारीच देवी होते. पहिल्या उत्तरात देव खाली येतो, दुसऱ्यात बाई वर जाते. आणि लोकस्मृतीचा न्याय असा की शिखराला तिचे नाव मिळाले, पण ज्या दोन जागी तिच्यावर बळजबरी झाली त्यांचीही नावे पुसली गेली नाहीत. महाराष्ट्रातले सर्वोच्च स्थान हे एका कामकरी मुलीच्या नकाराचे स्मारक आहे. ‘उत्तुंग’, ‘धीरगंभीर’ या विशेषणांनी त्याचे वर्णन करणे म्हणजे हा नकार झाकून टाकणे होय.

६

ही विशेषणे आली कोठून? १८व्या शतकाच्या युरोपात पर्वताकडे पाहण्याची दृष्टी पालटली. त्याआधी पृथ्वीवरची कुरूप गळवे मानले गेलेले पर्वत भव्यतेचे आश्रयस्थान कसे झाले, याचा इतिहास मार्जोरी होप निकल्सन यांनी १९५९च्या आपल्या ग्रंथात मांडला आहे. बर्कचा १७५७चा ग्रंथ आणि कांटची १७९०ची मीमांसा यांनी या पालटाला तत्त्वज्ञानाचे बळ दिले. कांटच्या विवेचनातील अट लक्षात घ्यावयास हवी. भयंकराकडे सुरक्षित जागेवरून पाहता आले, तरच त्याचे उदात्तात रूपांतर होते. मराठीत ‘उदात्त’ ही संज्ञा या अर्थाने रुळली, रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (१९७४) कांटचा विचार येथील अभ्यासकांना सविस्तर उपलब्ध करून दिला. त्या ग्रंथाचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की सुरक्षित जागेची ही अट आपण तात्त्विक मानली, सामाजिक मानली नाही.

याच काळात शिखराला संख्याही मिळाली. हैदराबाद संस्थानाच्या मुलखातून उत्तरेकडे सरकलेल्या महासर्वेक्षणाचा प्रमुख लॅम्टन १८२३मध्ये हिंगणघाट येथे वारला. त्याच मोजणीची साखळी पुढे हिमालयाशी भिडली आणि राधानाथ सिकदार यांच्या गणितातून ‘पंधरावे शिखर’ जगातले सर्वोच्च ठरले. १८५६मध्ये त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. १८६५मध्ये त्याला एव्हरेस्टचे नाव देण्यात आले. कालिदासाने ज्याला पृथ्वी मोजण्याची काठी कल्पिले, तोच मोजला गेला. शाळेच्या भूगोलात यानंतर डोंगर क्रमवारीने शिरला, आणि क्रमवारीत नसलेला डोंगर सांगण्यासारखा उरला नाही.

जपानी समीक्षक कोजिन कारातानी यांनी १९८०च्या आपल्या ग्रंथात ‘निसर्गदृश्य’ हे आधी असलेले आणि मग साहित्याने टिपलेले नसून १९व्या शतकाच्या अखेरीस जपानी साहित्यात ते शोधले गेले, आणि शोधले जाताच त्याचा आरंभ विसरला गेला, असे प्रतिपादन केले आहे. भोवतालच्या माणसांपासून अलिप्त झालेला ‘आंतरिक’ माणूस हाच या दृश्याचा द्रष्टा होय. केशवसुत आणि बालकवी यांच्या कालखंडाला हे विवेचन पुष्कळ अंशी लागू पडते. पूर्णपणे मात्र पडत नाही. ‘औदुंबर’मधील दिशा दाखविणारी टेकडी ही त्याची मर्यादा आहे. आपल्याकडे दृश्य आले, पण खूण पुसली गेली नाही. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, पळसखेड्यात शेती करणाऱ्या ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) वाचताना हे पुन्हा जाणवते. तेथे रान हे कामाचे ठिकाण राहूनच काव्यविषय होते, आणि पाहणारा सुरक्षित जागेवर उभा नसतो. पाऊस लांबला तर त्याचे पीक जाणार असते.

७

या विवेचनातून ‘देशी ते सारे चांगले, आयात ते सारे पोकळ’ असा निष्कर्ष काढला जाण्याची शक्यता आहे. तो मला अभिप्रेत नाही. भालचंद्र नेमाडे यांनी १९८०नंतर देशीयतेचा जो आग्रह धरला, त्यामुळे न पाहिलेल्या हिमालयाचे वर्णन करण्याच्या सवयीकडे आपले लक्ष गेले, हे खरे. परंतु डोंगर जवळचा आहे, शब्द देशी आहे, परंपरा अखंड आहे, एवढ्याने संबंध निर्दोष ठरत नाही. कळसाचे दर्शन ही अस्सल देशी रीत आहे आणि चोखामेळ्याचे अडविले जाणे हेही तितकेच अस्सल देशी आहे. उदात्ताच्या मीमांसेने पाहणाऱ्याची सामाजिक जागा झाकली. देशीयतेच्या मांडणीनेही ती झाकली जाऊ शकते. फरक इतकाच की पहिलीने ती वैश्विकतेच्या नावाखाली झाकली आणि दुसरी आपलेपणाच्या नावाखाली झाकील.

म्हणून परिचित डोंगराविषयीच्या कोणत्याही लेखनाला तीन साधे प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. लिहिणारा डोंगराकडे किती अंतरावरून पाहतो? ते अंतर त्याने निवडले की त्याच्यावर लादले गेले? आणि डोंगराचा कोणता तुकडा कोणाच्या श्रमाने त्याच्या घरात पोहोचला आहे? ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण भ्रमनिरासाची म्हणून वापरतो. जवळ गेल्यावर खाचखळगे दिसतात, असा तिचा रूढ अर्थ. त्या खाचखळग्यांतूनच थाळेमेळ आणि काळदरा ही नावे आली आहेत. साजरेपणाच्या मोबदल्यात म्हण काय लपविते, तेही तिने सांगून ठेवलेले आहे. आपण फक्त तिचा पूर्वार्ध ऐकला.

त्या विद्यार्थ्याला मी स्वाध्याय परत दिला आणि नेमगिरीवर पुन्हा लिहून आणण्यास सांगितले. या वेळी दोन पाने भरली नाहीत, दीडच भरले. त्यात एकही विशेषण नव्हते. लहानपणी गुंफेत शिरताना दाराच्या चौकटीवर डोके आपटले होते, आजोबा बाहेरच बसून राहिले होते, आणि ते आत का आले नाहीत हे त्याने त्यांना कधी विचारले नव्हते, एवढे त्याने लिहिले होते. शेवटच्या वाक्याखाली मी रेघ ओढली. त्या वाक्यापासून पुढे लिहावयास हवे, असे समासात लिहून तो कागद मी त्याला परत दिला.